उसाचें पाचट आणि मोटारीचें पेट्रोल

सध्यां पेट्रोल-पंपावर गाडी उभी करून आपण पांच लिटर पेट्रोल घेतलें, तर त्यांत खरें पेट्रोल चारच लिटर असतें. पांचवा लिटर हा मद्यार्क होय. व्यवहारांत त्यास इथेनॉल म्हणतात. ही गोष्ट आतां बहुतेकांच्या कानांवरून गेली आहे. परंतु हा पांचवा लिटर येतो कोठून, होतो कशापासून, आणि तो करतांना आपल्या ताटांतील कोणता पदार्थ उणा होतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. घरांतील वडील मंडळी मात्र नेमका हाच प्रश्न विचारतात. ज्या घरांत पानांत टाकणें हा अपराध समजतात, त्या घरांतील आजीबाईंस, मक्याचीं आणि तांदळाचीं पोतीं भट्टींत जातात व त्यावर नातवाची मोटार धांवते, हें ऐकून वाईट वाटलें, तर त्यांत त्यांचें काय चुकलें?

या प्रश्नास शास्त्रज्ञांचें उत्तर असें आहे कीं, अन्न जाळण्याचें कारण नाहीं. माणूस जें खात नाहीं असें काड, पाचट, भुसकट, बांबू, यांपासूनही तोच मद्यार्क करितां येतो. हें उत्तर कितपत खरें आहे, आणि आम्हां कोल्हापूरकरांचा त्याशीं काय संबंध पोंचतो, तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. स्वातंत्र्यास वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १९४८ सालीं, हिंदुस्थानांत ‘पॉवर अल्कोहोल’चा स्वतंत्र कायदा झाला होता, तो २००० सालीं रद्द करण्यांत आला. त्यानंतरच्या नव्या प्रयत्नाचा आरंभ मात्र आमच्या अगदीं शेजारीं झाला. २००१ सालीं केंद्र सरकारनें देशांत तीन ठिकाणीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळून पाहिलें; त्यांपैकीं दोन ठिकाणें महाराष्ट्रांतील, मिरज आणि मनमाड, व तिसरें उत्तर प्रदेशांत बरेलीच्या बाजूस. १९४८ च्या कायद्याच्या वेळीं जी गोष्ट पुस्तकी वाटली असेल, ती कोल्हापुराहून तासा-दीड तासाच्या वाटेवर प्रत्यक्ष घडली. २००३ पासून कांहीं राज्यांत शेंकडा पांच या प्रमाणानें मिश्रण सुरू झालें. तथापि २०१४ सालीं सबंध देशाचें प्रमाण शेंकडा दीडच्या आसपासच घुटमळत होतें. पुढें मात्र गति वाढली. २०२२ च्या जूनमध्यें तें दहावर गेलें, आणि शेंकडा वीसचें जें उद्दिष्ट मूळ २०३० सालासाठीं ठरविलें होतें, तें २०२५ सालींच गांठलें गेलें.

आरंभीं हा सर्व मद्यार्क मळीपासून होत असे. उसाच्या रसांतून दाणेदार होऊन निघेल तितकी साखर काढून घेतल्यावर जो काळा, दाट, चिकट अवशेष राहतो, ती मळी. तिच्यांत उरलेल्या गोडीचा मद्यार्क केला, तर कोणाच्या तोंडचा घास काढला असें होत नाहीं. परंतु मळी ती किती! शेंकडा वीसची भूक तिनें भागेना. मग उसाचा रसच साखर न करितां भट्टीकडे वळविण्यांत आला. पाठोपाठ मका व तांदूळही त्या वाटेस लागले. आणि २०२३ सालीं पाऊस ओढला गेला. साखर कमी होणार असें दिसतांच त्या वर्षीं ७ डिसेंबर रोजीं सरकारनें उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. थोड्याच दिवसांत ती कांहींशी सैल केली, आणि २०२४ च्या ऑगस्टांत ती उठविली. अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठीं देणें त्याआधींच, २०२३ च्या जुलैंत, थांबविलें होतें. मग मक्याची मागणी वाढली, तसे खाद्य महागलें म्हणून कुक्कुटपालन करणारे तक्रार करूं लागले. तात्पर्य, ताट आणि टाकी हीं एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसलीं, आणि आभाळ फिरलें कीं तराजू हालूं लागतो. ज्या कारखान्यांनीं भट्ट्यांत मोठा पैसा घातला, त्यांस हे हुकूम किती जड गेले असतील, तें ज्यांच्या घरचा ऊस कारखान्यास जातो त्यांस निराळें सांगावयास नको.

म्हणूनच, जें ताटांत येतच नाहीं त्यापासून मद्यार्क करण्याच्या विद्येकडे सर्वांचे डोळे लागले आहेत. ती विद्या समजून घेण्यासाठीं थोडें मुळाकडे जाऊं.

साखरेचा मद्यार्क होणें ही निसर्गांतील फार जुनी क्रिया. ती घडवून आणणारा पदार्थ म्हणजे किण्व. हा शब्द नवा बनविलेला नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणांत तो आलेला आहे. मद्यार्काचें नांव ऐकतांच ज्यांच्या कपाळास आठी पडते, त्यांच्याही घरीं बाळंतिणीसाठीं दशमूलारिष्टाची बाटली आणलेली असते. काढ्यांत गूळ व धायटीचीं फुलें घालून तो मुरत ठेविला, म्हणजे त्यांत मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो, हें आमच्या वैद्यांस पूर्वापार ठाऊक आहे. हिशेबानें सांगावयाचें तर १०० भार द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, पूर्णपणें आंबली असतां ५१ भार मद्यार्क होतो व ४९ भार कार्बन डायॉक्साइड वायु होऊन उडून जातो.

रसांत साखर आहे हें जिभेस कळतें. पण वाळल्या पाचटांतही साखर दडलेली आहे, असें म्हटलें तर पुष्कळांस तें खरें वाटणार नाहीं. झाडाझुडपांच्या अंगाचा मुख्य भाग काष्ठतंतूंचा असतो. त्यास सेल्युलोज म्हणतात. कापूस हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच होय. १८३८ सालीं आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें हा पदार्थ वेगळा ओळखला. तांदळांतील पिष्ट आणि पाचटांतील काष्ठतंतु या दोन्ही द्राक्षशर्करेच्याच मण्यांच्या माळा आहेत. भेद इतकाच कीं मणी ओवण्याची तऱ्हा निराळी. पिष्टाची गांठ आपल्या लाळेनें सुटते, म्हणून भाताचा घास पुष्कळ वेळ चावला तर गोड लागतो. काष्ठतंतूची गांठ मनुष्याच्या पोटांत सुटत नाहीं. गाईच्या पोटांत ती सुटते. पण तीही गाईच्या स्वतःच्या सामर्थ्यानें नव्हे, तर तिच्या पोटाच्या पहिल्या कोठ्यांत वस्ती करून असलेल्या अगणित सूक्ष्म जीवांच्या साह्यानें. गाय कडबा खाते आणि दूध देते, हा जो चमत्कार आपण नित्य पाहतों, त्यांतील पहिला अर्धा भाग कारखान्यांत घडवून आणणें, एवढाच या विद्येचा हेतु आहे.

तो साधण्यास मात्र दोन शतकें लागलीं. १८१९ सालीं आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञानें चिंध्यांवर तीव्र गंधकाम्लाची क्रिया करून त्यांची साखर करून दाखविली. परंतु अम्लाचा मार्ग खर्चाचा, यंत्रें खाणारा आणि साखरही थोडी जाळून टाकणारा. दुसरा मार्ग सांपडला तो अगदीं अकल्पित रीतीनें. दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरांतील दमट बेटांवर अमेरिकन सैन्याचे कापडी तंबू व कपडे पाहतां पाहतां कुजून जाऊं लागले. त्याचें कारण शोधतांना सॉलोमन बेटांवरील एका तंबूच्या कापडावर एक बुरशी मिळाली. कापूस खाऊन तिची साखर करण्याची कला तिच्यापाशीं विलक्षण होती. एल्विन रीस या शास्त्रज्ञानें या विषयाचा जन्मभर अभ्यास केला, म्हणून पुढें त्या बुरशीस ट्रायकोडर्मा रीसी असें नांव मिळालें. काष्ठतंतु तोडणारे जे विकर, ज्यांस एन्झाइम म्हणतात, ते आज कारखान्यांत मुख्यतः याच बुरशीच्या वंशजांकडून तयार करून घेतात. ज्या बुरशीनें तंबू खाल्ले, तीच आतां गाडीस इंधन पुरविण्याच्या कामीं आली!

कारखान्यांतील कृति थोडक्यांत अशी. वाळल्या काडांत मोटमानानें शेंकडा ४० च्या आसपास सेल्युलोज, २५ च्या आसपास त्याच्याच जातीचें पण ढिलें असें हेमिसेल्युलोज, आणि २० च्या आसपास लिग्निन असतें. लिग्निन हा झाडाचा चुना समजावा. विटांप्रमाणें रचलेल्या तंतूंस तो घट्ट धरून ठेवतो. म्हणून काड प्रथम बारीक करून, सौम्य अम्ल घालून, दाबाखालच्या वाफेंत शिजवितात. त्यानें चुना सुटतो आणि तंतु मोकळे होतात. मग विकर घालून तंतूंची साखर करावयाची, ती किण्वानें आंबवावयाची, आणि शेवटीं ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा करावयाचा. यांत एक अडचण मोठी आहे. हेमिसेल्युलोजपासून जी झायलोज नांवाची साखर निघते, ती भाकरी-पावाच्या नेहमींच्या किण्वास खातां येत नाहीं. तिच्यासाठीं निराळे किंवा मुद्दाम घडविलेले सूक्ष्म जीव लागतात. उरलेलें लिग्निन वाळवून त्याच कारखान्याच्या बॉयलरमध्यें जाळतां येतें.

या विद्येंत महाराष्ट्राचा वांटा लहान नाहीं, हें सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. फलटण येथें बी. व्ही. निंबकर यांनीं १९६८ सालीं स्थापिलेल्या कृषि संशोधन संस्थेनें गोड ज्वारीचा मार्ग बराच पूर्वीं चोखाळला होता: दाणा खाण्यास, ताटांतील गोड रस मद्यार्कास आणि चोथा गुरांस. डॉ. अनिल राजवंशी यांनीं तेथें सूर्याच्या उष्णतेनें मद्यार्क गाळण्याचे प्रयोग केले, व मद्यार्कावर चालणाऱ्या शेगड्या आणि कंदीलही तयार केले. मुंबईस माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखालीं काडापासून मद्यार्क करण्याची रीत सिद्ध झाली, आणि तिच्यावर आधारलेला, रोज १० टन काड घेणारा कारखाना २०१६ च्या एप्रिलांत उत्तराखंडांत काशीपूर येथें सुरू झाला. पुण्याच्या प्राज कंपनीनें २०१७ सालीं दौंड तालुक्यांत, वर्षास १० लाख लिटर इथेनॉल करूं शकेल असा प्रायोगिक कारखाना उभारला. त्याच कंपनीच्या तंत्रानें हरियाणांत पानिपत येथें इंडियन ऑइलचा मोठा कारखाना झाला. तो १० ऑगस्ट २०२२ रोजीं राष्ट्रास अर्पण करण्यांत आला. त्यास ९०० कोटींहून अधिक रुपये लागले. वर्षास सुमारें २ लाख टन भाताचें काड घेऊन सुमारें ३ कोटी लिटर इथेनॉल करावें, अशी त्याची योजना आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत आसामांत नुमालीगड येथें बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचें उद्घाटन झालें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, मग आतां अडलें कोठें? तर अडलें आहे तें पैशापाशीं. अमेरिकेंत ड्यूपाँसारख्या बलाढ्य कंपनीनें आयोवा प्रांतांत २०१५ सालीं मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा प्रचंड कारखाना उघडला आणि २०१७ सालीं त्यावर पाणी सोडलें. आबेंगोआ या स्पॅनिश कंपनीचा कॅन्ससमधील कारखाना दोन वर्षांतच बंद पडला. इटलींत क्रेशेंतीनो येथील, व रुमानियांत क्लॅरियंट कंपनीचा, यांचीही तीच गत झाली. ब्राझिलांत मात्र राइझेन कंपनीनें उसाच्या भुशापासून इथेनॉल करण्याचें काम टिकवून धरलें. या अपयशांचीं कारणें पुष्कळ असलीं तरी एक सर्वत्र समान दिसतें: प्रयोगशाळेंत काड स्वच्छ व मोजकें असतें, कारखान्याच्या दारांत तें मातीनें माखलेलें, खड्यांसह, पावसानें भिजलेलें, आणि वर्षांतून दोन-चार महिनेच येतें. काड हलकें आणि फोफशें. गाडी भरते पण वजन भरत नाहीं. रान जितकें दूर, तितका वाहतुकीचा खर्च इंधनाच्या किंमतीस खातो. शिवाय विकर विकत घ्यावयाचे ते निराळेच. म्हणून ‘फुकटचें काड’ कारखान्याच्या दारीं पोंचेपर्यंत फुकट राहत नाहीं.

आतां आपल्या कोल्हापुराकडे पाहूं. राजर्षि शाहू महाराजांनीं राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें, पुढें नद्यांच्या कांठीं उपसा योजना झाल्या, आणि हा जिल्हा उसाचा झाला. ज्या कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्या गुळाचें गुऱ्हाळ ज्यानें पाहिलें आहे, त्यास ‘टाकाऊ’ या शब्दाचा खरा अर्थ शिकविण्याची गरज नाहीं. रस काढल्यावर राहणारें चिपाड तेथें कोणी फेंकीत नाहीं. तें वाळवून काहिलीखालच्या चुलवाणांत घालतात. उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटतो. साखर कारखान्यांतही तोच न्याय: चिपाडाचा भुसा बॉयलरमध्यें जातो, त्यावर वाफ होते, वीज होते, उरलेली वीज विकली जाते. म्हणजे हा पदार्थ अन्न नसला तरी त्यास धनी आहे. त्याचा मद्यार्क केला, तर बॉयलरसाठीं दुसरें जळण शोधावें लागेल, आणि एका हातानें मिळविलें तें दुसऱ्या हातानें जाईल.

पाचटाची गोष्ट वेगळी. तोडणीच्या वेळीं उसाचें हिरवें वाढें वैरणीस जातें. वाळलेला पाला रानांतच राहतो. हेक्टरीं ८ ते १० टन पाचट निघतें. खोडव्यास पाणी लवकर द्यावयाचें असतें, पाचटांतून सऱ्या उकलणें कष्टाचें असतें, मजूर मिळत नाहीं. म्हणून पुष्कळ ठिकाणीं त्यास काडी लावून मोकळें होतात. त्या धुरानें गांव कोंडतो, वारा फिरला तर शेजारच्या उभ्या उसास आग लागते, आणि जळीत उसास कारखाना दर कमी देतो. शिवाय पाचटांतील नत्र व सेंद्रिय अंश हवेंत उडून जातो. चिपाडास धनी आहे. पाचटास मात्र आगीवांचून कोणी विचारीत नाहीं, असें वरवर दिसतें.

यापासून इंधन किती होईल? पानिपतच्या योजनेचे आंकडे घेतले तर टनास सुमारें १५० लिटर पडतात. त्याच मानानें हेक्टरीं ८ टन पाचटाचे १,२०० लिटर झाले. तितक्याच रानांत ८० टन ऊस धरून त्याच्या सगळ्या रसाचा मद्यार्क केला, तर टनीं सुमारें ७० लिटरप्रमाणें ५,६०० लिटर होतात. म्हणजे पाचटाचें उत्पन्न रसाच्या पांचव्या हिश्शाहून किंचित् अधिक. हें थोडें वाटेल. पण यासाठीं रानाचा एक गुंठा किंवा पाण्याचा एक पाट जास्त लागत नाहीं, आणि साखरेचा एक दाणाही कमी होत नाहीं. ऊस किती पाणी पितो हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या गोष्टीची किंमत कळेल. इंधन म्हणून मद्यार्काच्या लिटरांत पेट्रोलाच्या लिटराच्या सुमारें दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते, हेंही हिशेबांत धरलें पाहिजे.

तथापि पाचटासही एक मुका धनी आहे, आणि तो म्हणजे माती. खोडव्यांत पाचट न जाळतां सरींत पसरलें, टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकले, म्हणजे तें तेथेंच कुजून खत होतें. ओल टिकते, तण दबतें, पाण्याच्या पाळ्या वांचतात. हा उपाय कृषि खात्यानें व ऊस संशोधकांनीं कित्येक वर्षें सांगितला आहे. वर्षानुवर्षें ऊसच घेऊन आणि पाणी पाजून ज्या रानांचा कस उतरला आहे, त्यांचें पाचट गठ्ठे बांधून सगळेंच्या सगळें कारखान्यास घातलें, तर आजच्या गाडीसाठीं उद्यांची भाकरी गहाण टाकल्यासारखें होईल. मग ‘अन्न नव्हे त्यापासून इंधन’ हें वाक्य नांवापुरतेंच खरें राहील. कारण अन्न जेथून येतें तीच माती त्यांत खर्चीं पडेल.

यासाठीं आमच्या मतें क्रम असा असावा. पहिला हक्क मातीचा: लागणीनंतर खोडवा ठेवावयाचा असेल तेथें पाचट रानांतच राहावें. दुसरा हक्क गुरांचा, जेथें वैरणीची टंचाई असेल तेथें. तिसरा हक्क इंधनाचा: खोडवा मोडून रान दुसऱ्या पिकासाठीं मोकळें करावयाचें असेल, आणि पाचट आज आगींतच जात असेल, तेथें तें गोळा करून मद्यार्कास द्यावें. अशा पाचटाचे कारखान्याच्या जवळपासचे गठ्ठे, पानिपतच्या काडाप्रमाणें, रोख दरानें विकत घेतले गेले, तरच शेतकरी काडी लावण्यापूर्वीं क्षणभर थांबेल. नुसत्या उपदेशानें मजुरी भागत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची गांवीं थोडीफार जमीन असते. ती कोणी भाऊबंद किंवा वांटेकरी कसतो, आणि आपण वर्षाकांठीं उसाचें बिल तेवढें विचारतों. पुढच्या तोडणीस बिलाबरोबर पाचटाचीही चौकशी करावी. तें पसरलें कीं पेटविलें, पेटविलें तर कां, आणि न पेटवावें म्हणून सरी उकलण्याची मजुरी आपण निम्मी सोसावी काय, एवढें विचारलें तरी पुरे. ज्या आजीबाईंस मका भट्टींत गेल्याचें वाईट वाटलें, त्यांस रान पेटल्याचेंही तितकेंच वाईट वाटावयास हवें. कारण पाचट जळतें तेव्हां पुढल्या पिकाच्या तोंडचें खत जळत असतें, आणि गाडीस मात्र त्यांतून थेंबभरही मिळत नाहीं.